अंधाऱ्या खोलीतली मेणबत्ती

७ जानेवारी

यंदाही बाहुली माझ्याच वाट्याला! काल तीन राजांच्या सणाचा गोल पाव कापला. प्रयोगशाळेतली अकरा माणसं, अकरा तुकडे, आणि पावात लपवलेली ती बोटभर बाहुली नेमकी माझ्या तुकड्यात. म्हणजे दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पानांत वाफवलेले तामाले मी खिलवायचे. रिवाजच तो, सुटका नाही. घरी येऊन क्लोतीला सांगितलं तर म्हणते, तुला पोर झालं नाही म्हणून देव दरसाल हे प्लास्टिकचं पाठवतो. सख्खी बहीण ही! एका छपराखाली राहून असं बोलते.

एकतीस मार्चला मी निवृत्त. त्र्याऐंशी दिवस उरले. गुडघे त्याआधीच निवृत्त झालेत.

१० जानेवारी

तीनशे बश्यांत रोपं वाढवायची आगर-जेली ओतली. पाठ गेली कामातून.

१३ जानेवारी

युरीदियाचा प्रयोग तिसऱ्यांदा फसला. पोरीचा चेहरा बघवत नाही.

फेर्मीन सर असते तर म्हणाले असते, "लुला, भाडेकरू झोपलाय, त्याला झोपू दे." मी इथे लागले तेव्हा मला काही कळत नव्हतं. बश्या धू म्हटलं की धुवायच्या. एकदा सरांनी मला बसवून सांगितलं. पानाची एकेक पेशी म्हणजे खोल्याखोल्यांचं घर. मधल्या खोलीत मालक, म्हणजे केंद्रक. सगळी कागदपत्रं त्याच्याकडे. हिरव्या खोल्यांत भाडेकरू, ते हरितलवक. फार फार पूर्वी बाहेरून आले आणि राहिले ते राहिलेच. ऊन खातात, साखर करतात. पण त्यांना लागणारं सामान निघतं मालकाच्या खोलीतून. म्हणून त्यांना निरोप पाठवावा लागतो. ऊन आलं, सामान पाठव. आजारी आहे, थांब. हा निरोप जातो कसा, भिंतीतून, फटीतून, कुणाच्या हाती, एवढंच शोधण्यात सरांचा जन्म गेला. मी म्हटलं होतं, सर, आमच्या घरी मी आणि क्लोती शेजारशेजारच्या खोल्यांत राहतो, आमचेही निरोप पोचत नाहीत. खूप हसले होते.

तर नियम असा, की अंधारात वाढवलेल्या रोपातला भाडेकरू पिवळा असतो, निजलेला असतो, निरोप धाडत नाही. उजेड पडला की मग. युरीदियाच्या चौदा नंबरच्या खास वाणाच्या रोपांनी हा नियम मोडला. ठार काळोखात निरोप पोचला, तोही नेहमीच्या आठपट. नोव्हेंबरात एकदाच. मेरिदाच्या परिषदेत तिने ते मांडलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. त्यानंतर तीनदा केला तोच प्रयोग. तीनदा शून्य.

१६ जानेवारी

आज एर्लिंदा बाईंनी युरीदियाला आत बोलावलं. सरांनंतर प्रयोगशाळा बाईच चालवतात. माणूस चांगलं, पण जीभ विळीसारखी. मी शेजारच्या मोरीवर काच धूत होते. नळ बंद केला असता तर ऐकते आहे हे कळलं असतं, म्हणून बारीक चालू ठेवला.

बाई म्हणाल्या, नोव्हेंबरातलं काही शिल्लक असेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेकडून मोजून घेऊ. चिमूटभर असलं तरी चालेल.

"बाराच्या बारा नळ्यांतली रोपं दळून मोजली, बाई. काही उरलं नाही."

मग बाई अगदी हळू बोलल्या.

"मग तो आठपट आकडा आला कुठून, युरीदिया?"

पोरगी रडायला लागली. वीस फेब्रुवारीला समिती बसणार. समाधानकारक कारण मिळालं नाही तर नाव काढून टाकणार. पाच वर्षांचं काम, जर्मनीतली ठरलेली जागा, सगळं पाण्यात. आणि वर कायमचा शिक्का, आकडे रचणारी म्हणून.

त्या बारा नळ्या मीच तयार करून दिल्या होत्या, मला आठवतं. तीन गटांच्या चार-चार. रोपं नळीत घालून गोठवली की प्रत्येक नळीला मी रंगीत पट्टी लावते, झाकणावरून खालपर्यंत ओढून. उघडलं की पट्टी फाटलीच पाहिजे, ही सरांची शिस्त. दर प्रयोगाला रंग वेगळा. नोव्हेंबरात पिवळा. झेंडूचे दिवस म्हणून वर्षातून एकदाच तो रंग काढते. इतकं नीट करून दिलं आणि पोरीच्या नशिबी हे!

१७ जानेवारी

झोप नाही. युरीदियाचाच विचार. बाकीचे मला "लुला, बश्या!" "लुला, पाणी!" एवढंच म्हणतात. ही एकटी मावशी म्हणते. जेवायला माझ्याजवळ बसते, माझ्या डब्यातला घेवडा खाते आणि तिच्या आईने केलेला स्ट्रॉबेरीचा मुरंबा मला वाढते. नवीन काही लिहिलं की आधी मला वाचून दाखवते. म्हणते, तुम्हाला कळलं तर जगाला कळेल. माझा जीव आहे तिच्यावर. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

१९ जानेवारी

क्लोतीशी भांडण. कारण आठवत नाही.

२५ जानेवारी

चौथी खेप. या वेळी मी स्वतः शेजारी बसले. प्रत्येक बशी चंदेरी कागदात दोनदा गुंडाळली, सरांच्या नियमाप्रमाणे. अंधारी खोली असली तरी गुंडाळायचंच. दार कुणी कधी उघडेल, नेम नाही.

बोलता बोलता युरीदिया म्हणाली, नोव्हेंबरात मी गुंडाळल्या नव्हत्या, मावशी. रोज फोटो काढायचे होते, आणि खोली तर काळीकुट्टच असते.

मी बोलले तिला. चार शब्द जास्तच बोलले. बिचारीने ऐकून घेतलं.

निकाल पुन्हा शून्य.

१ फेब्रुवारी

दिवसभर तामाले. क्लोतीने पीठ मळलं, मी मक्याची पानं भिजवली. पन्नास बांधले. हात सुजले. ती म्हणते, अकरा माणसांना पन्नास कशाला? म्हटलं, माणसं खातात आणि घरीही नेतात. तर म्हणे, तुझी बहीण घरीच असते, तिला किती? दोन काढून ठेवले तिच्यासाठी.

२ फेब्रुवारी

देवा!

सकाळी मेणबत्त्यांना आशीर्वाद मिळवायला देवळात गेले. आजचा दिवसच मेणबत्त्यांचा. हातात काचेच्या पेल्यातली मेणबत्ती, रांगेत पुढे एक म्हातारी, तिची वात तडतडत होती. त्या पेल्याकडे बघता बघता मी रांग सोडून भिंतीला टेकले. क्लोतीने धरलं. तिला वाटलं, उपाशीपोटी निघाले म्हणून.

दोन नोव्हेंबर. आपली गेलेली माणसं घरी येतात तो दिवस. इमारतीच्या दारात संचालकांची मोठी आरास असते, झेंडू, पाव, फोटो, आणि पुढे उभं राहून फोटो काढून घेणारे. तिथे सरांचाही फोटो असतो. पण सर दारात कधी उभे राहिले? सर बसायचे अंधाऱ्या खोलीत, त्या मोडक्या स्टुलावर. ते आले तर तिथेच येतील, दुसरीकडे नाही. म्हणून नऊ वर्षं मी दर दोन नोव्हेंबरला त्या स्टुलाखाली एक मेणबत्ती लावते, मूठभर झेंडू ठेवते, सकाळी सगळं उचलते. कुणाला माहीत नाही. बश्या दोनदा गुंडाळलेल्या असतात, त्यांना काय होणार, असा माझा हिशोब.

आणि या खेपेला युरीदियाच्या बश्या उघड्या होत्या.

एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र उजेड! मिणमिणता, तांबडा, पण उजेडच. भाडेकरूला आणखी काय हवं? उठला असेल, निरोप धाडला असेल. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक बशी बिघडली नाही हे मी सगळ्यांना सांगत फिरते. आणि हे करून बसले!

तामाले संपले. सगळ्यांनी वाखाणले. मला घास गेला नाही.

४ फेब्रुवारी

क्लोतीला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"गप्प बस. दोन महिने राहिलेत तुझे. मेलेल्या माणसासाठी लावलीस, आता जिवंतपणी फासावर चढू नकोस."

मी म्हटलं, पोरीचं काय? ती म्हणाली, पोर तरुण आहे, तिला आणखी शंभर नोकऱ्या. मग बराच वेळ भाजी चिरत राहिली. उठताना म्हणाली, तू ऐकणार नाहीसच, तर निदान नीट कपडे घालून जा.

७ फेब्रुवारी

नाही सांगितलं. आजही नाही.

९ फेब्रुवारी

आधी युरीदियाला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, मागच्या हरितगृहाच्या पायरीवर. सगळं एका दमात बोलून टाकलं, स्टूल, झेंडू, पेला. वाटलं ओरडेल. तिला हक्कच होता ओरडायचा.

ओरडली नाही. हातातला घास तसाच. मग एकच विचारलं.

"किती वेळ जळत होती, मावशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, मी म्हटलं. तिने घास डब्यात परत ठेवला, माझे दोन्ही हात धरले आणि कपाळ त्यांच्यावर टेकलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मीही रडले. तिने विचारलं, हे बाईंना सांगाल का? म्हटलं, अगं वेडे, त्यासाठीच तर आले.

१२ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं. नीट कपडे घालून.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाल्या, लुलाबाई, सरांसाठी? नऊ वर्षं? म्हटलं, हो. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. रागावल्या की रडल्या, पाठीवरून कळेना. मग म्हणाल्या, समितीपुढे हेच सांगावं लागेल, सगळ्यांदेखत. सांगेन म्हटलं.

बाहेर आले. दहा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

२० फेब्रुवारी

झाली समिती.

लांब टेबल, पाच माणसं. संचालक मध्ये. एकाने विचारलं, बाई, तुमचा भुतांवर विश्वास आहे का? बाकीचे हसले. मी म्हटलं, नाही, पण ज्या माणसाने मला काम शिकवलं त्याच्या आठवणीवर आहे. मग हसले नाहीत. दुसऱ्याने विचारलं, एकतीस वर्षांत असं आणखी काय काय जाळलंत? माझ्या हातची धुतलेली काच वापरून तो डॉक्टर झालाय.

निकाल असा. युरीदिया निर्दोष. नोव्हेंबरचा प्रयोग उजेडाने बाधित म्हणून बाद करायचा, कारण छापायचं. मला लेखी ताकीद, ती फाइलीत लागणार. अंधाऱ्या खोलीची किल्ली संचालकांनी तिथल्या तिथे मागून घेतली. गळ्यातल्या दोरीतून ती निघेना, तर सगळ्यांसमोर कात्रीने दोरी कापली. आणि यापुढे इमारतीत कुठेही मेणबत्ती लावायची नाही. दारातल्या आरासीतही नाही.

युरीदियाने जिन्यात मिठी मारली. "तुम्ही नसता तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला असता, मावशी?" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती.

गळ्याला किल्लीची सवय. घरी आल्यावर तीनदा हात तिथे गेला.

२१ फेब्रुवारी

क्लोतीने न मागता गुडघ्यांना तेल चोळून दिलं. बोलली काही नाही. पोचला निरोप.

६ मार्च

बाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी मुद्दाम मेणबत्ती लावून प्रयोग करवला. माझ्याकडूनच पेला मागून घेतला. दार संचालकांच्या परवानगीने उघडलं, मला आत घेतलं नाही. मी बाहेर बाकावर बसले.

निरोप पोचला! एका मेणबत्तीच्या उजेडात निजलेला भाडेकरू जागा होतो. आणि चौदा नंबरचीच नव्हे, साधी रोपंसुद्धा. फक्त आठपट नाही, जेमतेम तिप्पट. बाईंनी विचारलं तेव्हा युरीदिया म्हणाली, नोव्हेंबरात पेला जास्त जवळ असेल. माझ्याकडे वळून म्हणाली, हो ना, मावशी? असेल बाई. मला कुठे इंच आठवतात.

बाईंना यातूनही छापण्याजोगं दिसतंय. इतक्या कमी उजेडावर निरोप निघतो हे कुणी मोजलेलं नाही म्हणे. पहिलं नाव युरीदियाचं. देव एक दार लावतो तेव्हा दुसरं उघडतो, म्हणतात ते खोटं नाही.

१५ मार्च

युरीदियाने प्रबंधाचं पहिलं पान दाखवलं. अर्पणपत्रिका, माझ्या पूर्ण नावाने. "ओब्दुलिया मावशीला, जिने खरं सांगितलं." मी दोनदा वाचलं. मग चष्मा शोधायच्या निमित्ताने आत गेले.

जर्मनीची जागा पक्की झाली. सप्टेंबरात जाईल.

१९ मार्च

पाय. पाय. पाय.

२४ मार्च

सोळा दिवस वाटत होते, सातच उरलेत. शनिवार-रविवार धरलेच नव्हते का दोनदा धरले, कोण जाणे. निरोपसमारंभ करायचा की नाही यावर वरती चर्चा चाललीये, ताकीद आहे ना फाइलीत. बाई म्हणाल्या, कुणी नाही केला तर मी करीन. म्हटलं, करू नका, मला बोलता येत नाही आणि केक आवडत नाही.

जाण्यापूर्वी मोठं शीतकपाट रिकामं करून त्यातला बर्फ काढून द्यायचाय. सरांच्या वेळेपासून ते काम माझंच. खालच्या कप्प्याच्या तळाशी काय काय असेल, मलाही माहीत नाही. युरीदिया म्हणाली, मावशी, तुमचे गुडघे, ते मी करते, तुम्ही राहू द्या. दोनदा म्हणाली. किती जपते! पण माझं काम मी दुसऱ्याला टाकून जाणार नाही.

२६ मार्च

युरीदिया दोन दिवस तिच्या गावी गेलीये, आईकडे. तेवढ्यात शीतकपाट उरकून टाकते. ती आल्यावर हातच लावू देणार नाही.

२७ मार्च

खालच्या कप्प्यात, सरांच्या जुन्या बियांच्या डब्यांमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा. वर नाव नाही. आत नळ्या, पिवळ्या पट्टीच्या. मोजल्या, बारा. पुन्हा मोजल्या. एकही पट्टी फाटलेली नाही. आत रोपं अख्खी, मी गोठवली तशीच, एक पानसुद्धा दळलेलं नाही.

मेणबत्ती मी लावली होती, हे खरं. पण त्या रोपांना तिने काय केलं हे कुणी मोजून बघितलंच नव्हतं.

डबा कोरड्या बर्फात घालून एर्लिंदा बाईंच्या टेबलावर ठेवला. चिठ्ठी लिहिली नाही. घरी आले.